पिशवी काढलीय, मग आता काय तपासायचं?

सोलापुरातल्या एका रुग्णालयाचं पत्रक आमच्या बँकेत आलं होतं. ‘महिलांसाठी संपूर्ण आरोग्य तपासणी, ७२ चाचण्या’. बेरीज पडताळायची सवय नोकरीनंच लावलेली, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत ते ७२ मोजायला बसले. सीबीसी म्हणजे रक्ताची एकच छोटी नळी, पण तिच्यातून हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, त्यांचे पाच प्रकार, प्लेटलेट असे वीसेक आकडे निघतात आणि प्रत्येक आकडा इथं स्वतंत्र चाचणी. यकृताचे दहा-अकरा, चरबीचे सात-आठ. लघवीचा रंग ही एक चाचणी, तिचा गढूळपणा ही दुसरी. सुया टोचायच्या त्या दोनच. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, मात्र तळाशी, बारीक अक्षरात, ‘ऐच्छिक, वेगळे शुल्क’.

आमच्या शाखेतल्या बहुतेक जणींनी त्या दोन ओळींवर काट मारली. पैशाचा प्रश्न फारसा नव्हता. कपडे काढावे लागतात, हे खरं कारण.

माझं वय ४७. सोबत वन्संना न्यायचं ठरवलं. त्या ५६ च्या, माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, आमच्याच गल्लीत राहतात. त्यांचं म्हणणं, “वहिनी, रक्त काढू दे हवं तेवढं. पण खालची तपासणी मला नको. माझी गर्भपिशवी काढलीय, आता तिथं काय उरलंय तपासायला?”

पत्रक घेऊन आम्ही आधी आमच्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. लेकीच्या वेळचं माझं बाळंतपण त्यांच्याच हातचं. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि पत्रकावर उभ्या-आडव्या रेघा मारायला सुरुवात केली. महागड्या पॅकेजमध्ये सीए-१२५ होतं, अंडाशयाच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी, ते पहिल्यांदा गेलं. “कसलंच लक्षण नसलेल्या बाईची ही चाचणी करण्यात फायदा नाही. पाळी चालू असताना वाढते, गर्भाशयातल्या साध्या गाठींमध्ये, म्हणजे फायब्रॉइडमध्ये वाढते, आतलं अस्तर बाहेर वाढतं त्या एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढते. मग घरात रडारड, पुढच्या तपासण्या, कधीकधी उगाच ऑपरेशन.” मग ट्रेडमिल टेस्ट. छातीत दुखत नाही, जिना चढताना धाप लागत नाही, तर पट्ट्यावर कशाला पळायचं? बायकांमध्ये ती चाचणी खोटी पॉझिटिव्ह यायचं प्रमाणही जास्त, असं त्या म्हणाल्या. त्याऐवजी माझ्यासाठी फेरिटिन लिहिलं, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, एचपीव्ही लिहिली, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूची चाचणी, आणि मॅमोग्राफी लिहिली.

आणि मग विचारायला लागल्या. पाळी किती दिवस, किती पॅड, गाठी पडतात का. केसांसाठी गोळ्या घेता का? घेत होते. त्यात बायोटिन असतं, त्यानं थायरॉईडचा आकडा चुकीचा येऊ शकतो, दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. घरात कोणाला कर्करोग? माझ्या मावशीला स्तनाचा झाला होता, बावन्नाव्या वर्षी. गाठ हाताला लागूनही ती वर्षभर गप्प बसली होती. ते सांगितलं. “आणि वडिलांकडचं? आत्या, आजी?” वडिलांकडून काही येतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पण स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेले जे बीआरसीए जनुकदोष आहेत, ते बापाकडूनही तितकेच येतात. मी तिथूनच माझ्या चुलत्यांना फोन लावला. आत्यांपैकी कोणाला काही नव्हतं.

वन्संचा नंबर आला तेव्हा त्यांनी पिशवीचं वाक्य पुन्हा म्हटलं. बाईंनी शांतपणे विचारलं, “पिशवीचं तोंड काढलंय का ठेवलंय?”

“ते डॉक्टरांना माहीत.”

“आणि अंडाशयं?”

वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना छत्तिसाव्या वर्षी अंगावरून पांढरं जात होतं. डॉक्टरांनी ‘ठेवली तर पुढं कॅन्सर होईल’ असं सांगितलं आणि पिशवी काढली. आमच्या भागात अशा बायका प्रत्येक गल्लीत सापडतील. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, चौकशी समिती बसली, तेव्हा पेपरात रोज यायचं. पण आपल्या घरातल्या बाईचं नेमकं काय काढलंय, हे आमच्यात कोणी विचारलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, डिस्चार्ज कार्ड शोधा, त्याशिवाय मी काही लिहीत नाही.

कार्ड मिळालं ते सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण अक्षर वाचता येत होतं: ‘टीएएच विथ बीएसओ’. म्हणजे गर्भाशय, त्याचं तोंड, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं. सगळं. आणि तपासणीचा कागद एका क्षणात बदलला. कर्करोगासाठी किंवा कर्करोगापूर्वीच्या बदलांसाठी ऑपरेशन झालेलं नसेल आणि गर्भाशयमुखच काढलेलं असेल, तर पॅप किंवा एचपीव्हीची गरज नाही. इतकं वन्संचं बरोबरच निघालं. पण अंडाशयं छत्तिसाव्या वर्षी गेली म्हणजे इस्ट्रोजेन त्याच दिवशी थांबलं. एरवी पाळी जाते पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे. यांची हाडं तेवढी वर्षं आधीपासून झिजायला लागलेली. बाईंनी कागदावर ठळक लिहिलं: डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, कंबर आणि खुबा. पॅकेजमध्ये ‘हाडांची तपासणी’ होती, ती टाचेची. शिबिरात पाय ठेवून दोन मिनिटांत करतात ती. तिच्यावरून ठिसूळपणाचं निदान करत नाहीत, ते डेक्सावरच होतं.

तारीख माझ्या पाळीवरून ठरली. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात छाती कमी दुखरी असते, म्हणून मॅमोग्राफी तेव्हा. एचपीव्हीच्या नमुन्यालाही पाळी चालू नसावी, आधीचे दोन दिवस योनीमार्गात औषध-क्रीम नको, संबंध नको. आदल्या रात्री आठला जेवण, नंतर फक्त पाणी. सकाळी अंघोळ करायची पण पावडर, डिओ काही लावायचं नाही. त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच शंका निघते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पावडरीशिवाय घराबाहेर पडायचं वन्संना ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं.

रक्ताचं सांगण्यासारखं काही नाही. जांभळ्या, करड्या, पिवळ्या टोपणांच्या नळ्या, कापूस, दाबून धरा. सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून एक लिटर पाणी पिऊन आम्ही ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली बसलो. नंबर लांबला. रांगेतल्या सगळ्याच बायका पाय आवळून बसलेल्या आणि एकमेकींशी बोलायच्या अवस्थेत नव्हत्या. मला दोन लहान फायब्रॉइड निघाले, यकृतावर थोडी चरबी. नंतर कुपनावर उपमा मिळाला. बरोबर शेंगाची चटणी नाही, यावर वन्संनी मत नोंदवलं. खाल्ल्यानंतर दोन तासांनी पुन्हा सुई.

मॅमोग्राफीबद्दल मात्र नीट लिहायला हवं, कारण त्याबद्दल आमच्या ऑफिसात ज्या गोष्टी पसरलेल्या आहेत त्या ऐकून कोणीच जाणार नाही. तंत्रज्ञ मुलगीच होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. कमरेच्या वरचे कपडे काढून पुढून उघडणारा गाऊन घालायचा. मशीन उभं असतं, आपणही उभंच राहायचं. ती मुलगी एक बाजू हातानं उचलून तळपट्टीवर ठेवते आणि वरून पारदर्शक पट्टी खाली येते. “काकू, खांदा सैल सोडा. मान तिकडं. आता श्वास धरा.” दाब जोरात असतो, ते खोटं सांगत नाही. दुखलं. पण दुखणं काही सेकंदांचं. चित्र निघालं की पट्टी आपोआप वर जाते. प्रत्येक बाजूची दोन, एक वरून आणि एक तिरकं, अशी एकूण चार चित्रं. तिरक्या चित्रात काखेपर्यंतचा भाग घेतात, तिथं पट्टीची कड बरगडीला टोचते, ते मला दाबापेक्षा जास्त लागलं. इतकं दाबायचं कशाला, असं मी विचारलंच. ती म्हणाली, जाड थर पसरून पातळ झाला की आतल्या गोष्टी एकमेकींवर चढत नाहीत, हलल्यामुळे चित्र पुसट होत नाही आणि क्ष-किरणही कमी लागतात. हे कारण आधी कळलं असतं तर मी खांदा पहिल्यांदाच सैल सोडला असता.

वन्सं बाहेर येऊन म्हणाल्या, “एवढंच होय!” त्यांचं काम माझ्यापेक्षा निम्म्या वेळात झालं.

मग माझा एचपीव्हीचा नमुना. पाठीवर झोपायचं, पाय वर, धातूचा स्पेक्युलम. बाईंनी तो कोमट पाण्यात धरून घेतला होता. आत गेल्यावर ताण जाणवतो. ब्रश फिरवतात तेव्हा पोटात एक हलकी कळ. ब्रशचं टोक औषधाच्या बाटलीत बुडवलं आणि झालं. एकाच बाटलीतून पेशीही तपासता येतात आणि एचपीव्हीही.

हे करताना मला आई आठवत होती. माझं माहेर उस्मानाबाद जिल्ह्यातलं, आताचा धाराशिव. १९९९ च्या सुमाराला बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं आमच्या भागात गावोगावी फिरून ३० ते ५९ वयाच्या बायकांना बोलवत होती. आईचीही तपासणी झाली होती. ती आधी जायला तयार नव्हती, पण आरोग्य सेविका रोज दारात येऊन बसायला लागली, तेव्हा शेजारणींना घेऊन एकदाची गेली. त्या अभ्यासात १ लाख ३१ हजारांवर बायका होत्या आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले: आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभर आज ३० वर्षांनंतर एचपीव्ही चाचणी करा म्हणून सांगतात, त्यामागच्या पुराव्यात आमच्या गावच्या बायका आहेत. आणि त्याच बायकांच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकी पत्रकावरच्या त्या ओळीवर काट मारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायका देशात दोन टक्केही भरल्या नाहीत.

मुंबईच्या टाटा मेमोरियलनंही झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांवर दीर्घकाळ काम केलं. त्यात साधी पद्धत वापरली. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, संशयास्पद भाग पांढरा दिसतो. हीच ‘व्हीआयए’ तपासणी आता तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांवर फुकट ठेवलेली आहे, रक्तदाब, साखर, तोंड आणि हातानं केलेल्या स्तनतपासणीसह. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींची तपासणी तिथंच झाली, एका पैशाशिवाय.

अहवाल आले. मॅमोग्राफीचा येण्याआधी फोन आला. “मॅडम, डाव्या बाजूचं आणखी एक चित्र घ्यायचंय, आणि सोनोग्राफी. कधी येता?” मी बँकेत काउंटरवर होते. पुढच्या माणसाचे पैसे मी तीनदा मोजले.

संध्याकाळी कागद हातात आला: ‘बायरॅड्स ०’. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या अहवालातली श्रेणी. ह्यांनी लगेच मोबाईलवर वाचायला सुरुवात केली आणि तासाभरात चेहरा असा केला की मला त्यांचंच सांत्वन करावं लागलं. शून्याचा अर्थ इतकाच होता की तपासणी अपुरी आहे, अजून चित्रं हवीत. माझ्या स्तनांची घनता ‘सी’ प्रकारची. म्हणजे ग्रंथींचा भाग जास्त, चरबी कमी. फिल्मवर तो भागही पांढरा आणि गाठही पांढरी, त्यामुळे एकावर एक चढलेलं काही आहे की खरंच गाठ आहे हे कळत नाही. शिवाय माझी ही पहिलीच मॅमोग्राफी, ताडून बघायला जुनी फिल्म नाही. पहिल्या खेपेला परत बोलावणं जास्त होतं ते यामुळे, आणि बोलावलेल्यांपैकी बहुतेकींना काही निघत नाही. हे सगळं मला फोनवरच कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर ते दिवस बरे गेले असते. कर्करोग झालेली माझी मावशी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी अंघोळीच्या वेळी डावी बाजू इतक्यांदा चाचपून पाहिली की ती तशीही दुखायला लागली.

सोनोग्राफीत ते पाणी निघालं. सव्वा सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ, काही करायचं नाही, ‘बायरॅड्स २’. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, आजच्या फिल्मा जपून ठेवा, पुढच्या वेळी आम्हाला त्या लागतील.

रक्तात वेगळीच गंमत. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन ७ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसी ६.१. छापील कागदावर त्याच्यापुढे लाल अक्षरात ‘प्रीडायबेटिस’. रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ मुलीनं भात बंद करायचा तक्ताही दिला होता. आमच्या बाईंनी उपाशीपोटीची साखर बघितली, ती ९६. म्हणाल्या, “लोहाची कमतरता असली की तांबड्या पेशी जास्त दिवस टिकून राहतात, आणि एचबीएवनसी खोटा वर चढतो. आधी लोह भरून काढू. तोवर हा शिक्का कपाळावर मारून घेऊ नका.” लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि चहा जेवणापासून तासभर तरी लांब ठेवायचा. जेवून उठल्याबरोबर चहा घेणं आमच्या ऑफिसात सगळ्याच जणींचं असतं, त्यामुळे ते पाळणं गोळीपेक्षा जड गेलं. पाळीत जास्त जायचं त्यावर वेगळं औषध. तीन-चार महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या वर आणि एचबीएवनसी ५.६. भात मी सोडलेला नव्हता.

एचपीव्ही निगेटिव्ह, पाच वर्षांनी पुन्हा. लेक सतरा वर्षांची आहे. ज्या १६ आणि १८ प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग होतात, त्यांच्यावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस २०२३ पासून मिळते. तिला ती सुरू केली. तपासणीची पावती जुन्या करपद्धतीत प्राप्तिकराच्या वजावटीला लागते, प्रतिबंधक तपासणीचे पाच हजारांपर्यंत, रोख भरले तरी चालतात. बँकेतल्या जणींना एवढी एक ओळ मात्र चटकन पटली.

वन्संच्या डेक्साचा टी-स्कोअर कमरेच्या मणक्यांत उणे २.८. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. कुठं पडल्या नव्हत्या, कुठं मोडलं नव्हतं, फक्त गेली दोन वर्षं परकराचा काठ जमिनीला लागतो म्हणायच्या. आम्ही हसायचो. बाईंनी उंची मोजली, जुन्या नोकरीच्या अर्जातली उंची विचारली, आणि मणक्यांचा एक्स-रे काढायला लावला. एक मणका थोडा चेपलेला निघाला. आधी ड जीवनसत्त्व भरून काढलं, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन पाहिलं, दातांच्या डॉक्टरांकडून काढण्याजोगी दाढ आहे का ते तपासून आणलं. मगच वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध लावलं. त्या रात्री थोडा ताप, अंगदुखी झाली. होते म्हणून आधीच सांगितलं होतं. पुढची डेक्सा दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर.

त्यानंतर वन्संनी भिशीत नवाच उद्योग सुरू केला. पिशवी काढलेल्या प्रत्येकीला विचारायचं, “तोंड ठेवलंय का काढलंय? अंडाशयं?” आणि कार्ड शोधायला लावायचं. बऱ्याच जणींची कार्डं सापडली. एकीचं सापडलं नाही, कारण जिथं ऑपरेशन झालं तो दवाखानाच बंद पडलाय. तिला त्या स्वतः आमच्या बाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी तपासलं, तर गर्भाशयमुख जागेवर होतं. तिची पहिली एचपीव्ही चाचणी अठ्ठावन्नाव्या वर्षी झाली. अहवाल यायचाय.